मुकादम सरांचं क्रियापद

मुकादम सर गेले तेव्हा त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी रोह्याच्या बाजारपेठेत मोठा फलक लावला. त्यावर तीन चुका होत्या. 'श्रद्धांजली'तले द आणि ध उलटेपालटे झाले होते, 'मुकादम'मधला मु दीर्घ झाला होता, आणि नावाआधी 'कै.' लावून, पाच वक्तांची नमाज न चुकवणाऱ्या माणसाला कैलासवासी करून टाकलं होतं. तिसरी चूक पाहून सर हसले असते. पहिल्या दोन चुकांसाठी मात्र त्यांनी शिडी मागवली असती. मी पर्समधलं लाल पेन चाचपत जरा वेळ फलकाखाली उभी राहिले. मग हात पोचणार नाही अशी स्वतःची समजूत घातली आणि वाचनालय उघडायला गेले.

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. कामावर रुजू व्हायला गेले त्या पहिल्या दिवशी माझं पत्र टेबलावर ठेवलं, तर शेजारी पेपर वाचत बसलेल्या एका उंच, सडपातळ गृहस्थांनी न विचारता ते ओढून घेतलं, 'नियुक्ति'मधली ति खोडून ती केली आणि परत दिलं. म्हणाले, "आता तुमची नेमणूक झाली, बाई." चेहऱ्यावर हसू नव्हतं. पुढे कळलं की ह्या माणसानं तीसहून जास्त वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं आणि अर्ध्या रोह्याला ऱ्हस्व-दीर्घाची धडकी भरवली.

निवृत्त झाल्यावर मुलं संपली, पण चुका काही संपल्या नाहीत. मग सर आमच्या पुस्तकांकडे वळले. वाचनालयाच्या पुस्तकात काही लिहायला मनाई आहे, अशी पाटी मीच लावली होती. त्या पाटीतला एक अनुस्वार दुरुस्त करून सर तिच्याच खाली बसत आणि लाल पेनानं छापील पुस्तकं तपासत. त्यांना अडवायची माझी छाती नव्हती, आणि समितीत तर सगळे त्यांचेच विद्यार्थी. लग्नपत्रिका छापायच्या आधी लोक त्यांना दाखवून नेत. जे दाखवत नसत, त्यांना आहेराच्या पाकिटात तीच पत्रिका दुरुस्त होऊन परत मिळे. एका वरपित्यानं ती चौकट करून भिंतीवर लावली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भेट आलेलं पुस्तक घ्यायचं की नाही, हे सर ठरवत. आमच्याकडे अभिप्रायाची एक वही आहे. तिच्यात पानंच्या पानं सरांचे दोनच शेरे आहेत, 'घ्यावे' आणि 'घेऊ नये'. दुसऱ्याची संख्या विचारू नका. प्रेमकथांवर त्यांचा विशेष राग. प्रेमात पडलेल्या माणसाचं पहिलं काय बिघडत असेल तर वाक्य, असं ते म्हणत.

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिचा मला खरंच त्रास व्हायचा. आपल्याकडे माणूस निघताना 'येतो' म्हणतो आणि घरचे 'या' म्हणतात. सर म्हणत नसत. खुर्चीवरून उठत, टोपी नीट करत आणि म्हणत, "जातो." मी आपली सवयीनं 'या सर' म्हणायची, तर ते दारातून वळून सांगत, "मी जातोय बाई. जाणाऱ्या माणसानं येतो म्हणणं म्हणजे चुकीचं क्रियापद वापरणं. आणि जाणाऱ्याला या म्हणणं ही त्याच चुकीला दिलेली साथ." घरातून निघणाऱ्यानं 'जातो' म्हणू नये, हे आमच्या आईनं आम्हाला मारून शिकवलेलं. सरांचं 'जातो' ऐकलं की मी रोज त्यांच्या वतीनं मनात 'येतो' म्हणून टाकायची. रोज ऐकूनही त्याची सवय झाली नाही.

सरांना एकच मुलगी, सलमा. आई तिच्या कॉलेजच्या वर्षांतच वारली. सलमानं मराठीत एम. ए. करावं, प्राध्यापक व्हावं, हे सरांनी तिच्या जन्माआधीच ठरवलं असावं. तिला अलिबागला वसतिगृहात ठेवलं होतं. एके दिवशी तिचं पत्र आलं. सर ते वाचनालयात घेऊन आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि लाल पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, विद्यार्थ्याचा निबंध असेल. पेन बराच वेळ चालत होतं. मग पत्र नव्या पाकिटात घालून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि पोस्टावरून जाताना टाकाल का म्हणून विचारलं. पत्ता सलमाचा होता. कागदाचा लाल रंग पाकिटातून दिसत होता.

मी ते पाकीट टाकलं. आत काय होतं ते नंतर गावभर झालं. एम. ए. अर्धवट सोडून रोह्यालगतच्या धाटावच्या कंपनीत फिटर असलेल्या इरफानशी लग्न करते, असं तिनं लिहिलं होतं. मुलगा चांगला, ओळखीतला. फक्त पदवी नव्हती. सरांनी हो किंवा नाही काहीच कळवलं नाही. शुद्धलेखन तेवढं तपासून पत्र परत धाडलं. पोटच्या पोरीचं पत्र, आणि पेटीत टाकलं ते मी. त्याची बोच मला अजून आहे.

दहा-बारा दिवसांनी सलमा वाचनालयात आली. सर तेव्हा नव्हते. तिनं शब्दकोश मागितला, उभ्याउभ्याच एक पान काढलं, एकच शब्द पाहिला आणि कोश मिटला. "काय गो, सापडला?" मी विचारलं. ती हो म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर सात वर्षं ती रोह्याला आली नाही. लग्न झालं, संसार पेणला थाटला. पेण काही परदेश नाही, गाडीनं तासाभराचं अंतर. इरफान तर रोज पेणहून धाटावला कंपनीच्या बसनं ये-जा करायचा. तीनला पहिली शिफ्ट सुटली की सव्वातीनला ती बस आमच्या खिडकीखालून जायची. सव्वातीन वाजत आले की सर खुर्ची उचलून खिडकीकडे पाठ करून बसत आणि बसचा आवाज लांब गेला की खुर्ची परत होती तशी ठेवत. सात वर्षं हे रोज चाललं. त्या पाच मिनिटांत वाचनालयात कुणी पान उलटत नसे.

अशा माणसापुढे मला ती कादंबरी ठेवावी लागली.

पेणजवळच्या हमरापूरची निकिता म्हणून एक मुलगी पुस्तकाच्या दोन प्रती भेट द्यायला आली होती. घरचा गणपतीचा कारखाना, आणि मूर्तीचे डोळे आखायचं काम हिचं. रंग सुकेपर्यंत जो वेळ मिळे त्यात तिनं मोबाईलवर कादंबरी लिहिली होती. आधी ती मोबाईलवरच हजारो मुलींनी वाचली, मग हिनं पदरमोड करून छापली. 'खाडीपलीकडचा पाहुणा'. मुखपृष्ठावर चंद्र, मिठागर आणि एक फिकट तरुण. हा तरुण व्हॅम्पायर. वय दीडशे वर्षं. धाटावला कायम नाईट शिफ्ट मागून घेतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही, उलट साहेब लोक खूश. पेणजवळच्या मिठागरावरच्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो.

सरांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि पुस्तक दोन बोटांत धरलं. "रक्त पिणारा नायकच हवा होता तर डास काय वाईट? तो निदान पेणचा आहे," म्हणाले. मग म्हणाले की व्हॅम्पायरला मराठीत शब्द नाही, म्हणजे तो प्राणी आपल्याकडे होत नाही. मी म्हटलं, सर, वाचून तर बघा, पोरगी दोन गाड्या बदलून आली होती. सर पुस्तक घेऊन गेले. जाताना "जातो" म्हणायला विसरले नाहीत.

सरांचं पुस्तक दोन दिवसांत परत येई. दोन दिवस झाले, चार झाले. सर आले नाहीत. पाचव्या दिवशी सव्वातीनची बस गेली आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. एकटा माणूस, पंचाहत्तरी उलटलेली. सहाव्या दिवशी वाचनालय शिपायावर सोपवून मी त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. सर ओट्यावर पुस्तक उघडं टाकून बसले होते. दाढी वाढली होती. बरं नाही का विचारलं तर त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी चाळलं. पहिल्या पानापासून लाल खुणा, कुठे कुठे तर छापील काळ्यापेक्षा लालच जास्त. एकसष्टाव्या पानावर खुणा थांबल्या होत्या. पुढची दीडशे पानं कोरी.

"एकशे बारावं काढा," सर म्हणाले.

त्या पानावर काय होतं ते थोडक्यात सांगते. व्हॅम्पायरचा एक नियम असतो. घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हा आठ महिने मिठागरावरच्या त्या घरापाशी येतो, बाहेर उभा राहतो. मुलगी आतून बोलते. नियम तिला ठाऊक आहे. एकदा तो आत आला की पुढे काय होईल तेही ठाऊक आहे, म्हणून ती शब्द जपून वापरते. दीडशे वर्षांचा म्हणून त्याला अहो-जाहो करते. आणि एका पहाटे, उजाडायच्या आत, तो निघताना म्हणतो, "येतो." ती म्हणते, "या."

प्रकरण तिथे संपत होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली.

"तीस वर्षं मी पोरांना सांगितलं, हे क्रियापद खोटं आहे," सर म्हणाले. "ह्या मुलीनं त्याच्यावर अख्खी कादंबरी उभी केली. निरोपाचा शब्द आणि बोलावण्याचा शब्द आपल्या भाषेत एकच आहे, बाई. माझ्या कधी ध्यानात आलं नाही."

मग कधी नाही ते सर घरातलं बोलले. पत्र परत गेल्यावर सलमा आली होती. आत नाही आली, उंबरठ्याबाहेर उभी राहिली. सरांच्या सगळ्या दुरुस्त्या करून तिनं पत्र नव्यानं, सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं. म्हणाली, आता चुका नाहीत, आता तरी उत्तर द्या. सरांनी ते वाचलं आणि सांगितलं की एक चूक अजून राहिली आहे. ती पुष्कळ वेळ उभी होती. सर तिला 'ये' म्हणाले नाहीत. मग ती म्हणाली, "येते, अब्बा."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"जाते म्हण, म्हणालो."

मला सरांचा अतोनात राग आला. इतका की उठून चालू लागावंसं वाटलं. पण उठताना 'येते' म्हणायचं की काय म्हणायचं ते कळेना, म्हणून बसून राहिले. कोणता शब्द चुकला होता, असं मी विचारलं. सरांनी पुस्तक मिटलं आणि त्या लेखिकेला भेटायचं आहे, सोबत याल का, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ते वाचनालयात आले. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी पुस्तकाचं नाव लिहिलं आणि शेऱ्याची जागा मोकळी सोडली. परत आल्यावर लिहितो, म्हणाले.

निकिताच्या कारखान्यात आम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि थांबायला सांगितलं, कारण ती डोळे आखत होती आणि तेव्हा कुणाशी बोलत नाही. भोवती शंभरेक गणपती, रंगवून तयार, पण डोळे कोरे. सर मांडीवर पुस्तक धरून परीक्षेला बसलेल्या मुलासारखे बसले होते. शेवटची रेघ ओढून ती आली तेव्हा पहिला प्रश्न तिनंच घाबरत विचारला.

"सर, चुका भरपूर असतील ना?"

"एकसष्ट पानांपर्यंत आहेत."

"आनि पुढं?"

"पुढे मी वाचत होतो," सर म्हणाले.

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग ती इतकी लाजली की ब्रश तसाच हातात घेऊन उभी राहिली. सरांना मात्र एक शंका होती आणि तिच्यासाठीच ते आले होते. इतकी सावध मुलगी, आठ महिने जिनं शब्द जपला, ती सवयीनं 'या' म्हणून बसते. एवढा मोठा अपघात एवढ्याशा सवयीवर घडवायचं कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं.

निकिता गोंधळली. "अपघात नाय सर तो," ती म्हणाली. "तिला नियम माहीत हाय. ती मुद्दाम बोलली. उघड बोलवायचं धाडस नाय होत ना मानसाला, मग तिनं निरोपाचा शब्द वापरलान. उद्या कोनी विचारलं तर सांगता येतं, मी कुठं बोलावलं, मी तर सवयीनं बोलले. तुम्हाला ती चुकून बोलली असं वाटलं?"

सरांनी पान काढून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते.

"मी नीट वाचलं नाही," सर म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर मी पेण स्टेशन सांगितलं. सरांनी रिक्षावाल्याला दुसराच पत्ता दिला. गल्ली, इमारत, मजला, सगळं तोंडपाठ. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते रस्त्याकडे बघत होते. टोपी काढून पुन्हा घातली, पुन्हा काढली. देवा, पोरगी घरी असू दे, असं मी मनात म्हटलं, आणि लगेच वाटलं, नसली तर बरं.

ती घरी होती. आतलं दार उघडलं, बाहेरची जाळी बंदच राहिली. सात वर्षांत ती आईसारखी दिसायला लागली होती. तिनं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा सरांकडे. जाळीच्या कडीला हात लावला नाही. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी दोन पायऱ्या खाली सरकले. ह्या घराशी माझा संबंध एका पाकिटाएवढा, पण खाली उतरून जाववेना.

सरांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. सुवाच्य अक्षर दुरूनही ओळखू येत होतं.

"ह्यात चूक नव्हती," ते म्हणाले. "आशीर्वाद तू बरोबर लिहिला होतास. शी दीर्घ. मी खोटं बोललो."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पहिल्या पत्रात तिनं 'आशिर्वाद' लिहिलं असणार, शि ऱ्हस्व. बहुतेक लोक तसंच चुकवतात. ते सरांनी लाल केलं. दुसऱ्या पत्रात तिनं नीट लिहिलं. दुआ म्हटली असती तर वेलांटीचा प्रश्नच नव्हता, पण त्या घरात पत्र शुद्ध मराठीत लिहायची रीत. आणि शिकवलेला शब्द मुलीनं बरोबर लिहून मागितला, तर तो द्यायला लागू नये म्हणून सरांनी तो चूक ठरवला. उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीला बरोबर म्हटलं नव्हतं. बरोबरला चूक मात्र एकदा म्हटलं, आणि ते इथे.

"मला माहीत हाय," सलमा म्हणाली. आवाज सपाट होता. "त्याच दिवशी कोशात बघितलं मी."

म्हणजे सात वर्षं तिला ठाऊक होतं. ऱ्हस्व-दीर्घासाठी बापाला माफ करता आलं असतं, पण खोट्या चुकीसाठी कसं करायचं? मी कठडा घट्ट धरला.

सरांनी कागदाची घडी घातली. त्यांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि पाठ वळवली. मग, मी ऐकलेल्या त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, ते म्हणाले, "येतो."

कुकरची शिट्टी झाली. सलमा जाळीआड उभी होती. सर एक पायरी उतरले.

"या," ती म्हणाली.

सर थांबले. वळले नाहीत. क्रियापदांवर जन्म घालवलेल्या माणसाला ते एक क्रियापद सोडवता येईना. घरातून निघणाऱ्याला म्हणतात तसं ते होतं, की दाराशी आलेल्याला म्हणतात तसं? ते माझ्याकडे बघत होते. मलाही सांगता येत नव्हतं. मग मागे कडी वाजली.

सर परत वर चढले. दारापाशी वाकून चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावल्या. आत जाताना त्यांनी कठड्याऐवजी मुलीचा हात धरला.

पुढे सर पेणलाच राहिले. सामान न्यायला एकदा रोह्याला आले होते म्हणतात, तेव्हा मी रजेवर होते. वहीतली शेऱ्याची जागा अजून मोकळी आहे. कादंबरीची दुसरी प्रत मात्र मी माझ्या अधिकारात कपाटात लावली, आणि ती क्वचितच जागेवर असते. मला सर आठवतात ते त्या दिवसाचे. सलमाच्या उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, पाण्याचा पेला हातात होता, आणि मला गाडी गाठायची होती.

"येते, सर," मी जिन्यातून म्हटलं. ते मला दुरुस्त करतील म्हणून मी क्षणभर थांबले.

"या, बाई," सर म्हणाले.